पासंग

शुक्रवारी चारला पाच कमी असताना
मी ट्रॅस्क अँड वेल विकली,
आमच्या फंडाच्या वाट्याची, सगळी.
ठरवणारी मी नव्हे. यादी पुढे, मी मागे.
यादीत पाचशे नावं. एक आलं की एक उठतं.
पंगत वाढत नाही,
पान तेवढं बदलतं.

न्यूयॉर्कहून आलेल्या पत्रकात कारण दीड ओळीचं:
निर्देशांकात कंपनीचं वजन
आता नगण्य.

वजन.
ट्रॅस्क अँड वेल वजनकाटे बनवायची.
धान्याच्या कोठारांत, खाटकांच्या दुकानांत, टपाल कचेऱ्यांत,
बेल्डन फॉल्सच्या प्रसूतिगृहात.
मी जन्मले ती रडले त्यांच्याच पारड्यात,
सात पौंड दोन औंस.
गावात कुणी थाप मारली की लोक म्हणत,
याला एकदा ट्रॅस्कवर चढवा.

माझे वडील, इम्रे वॉइदा, अडतीस वर्षं
तिथे काटे तपासत.
पितळी वजन चिमट्यानंच उचलायचं,
बोटांचा घामसुद्धा मोजला जातो म्हणत.
घरी आम्ही भावंडं भांडलो
की दोघांचं ऐकून घेत,
आणि मग बराच वेळ काहीच बोलत नसत.
काटा आधी थांबू दे.

रविवारी कोलंबसहून दोन तास गाडी चालवत गेले.
गावच्या पाण्याच्या टाकीवर नाव अजून आहे,
'वेल'चा रंग पोपडे धरून उडालाय.
सांगावं कसं, याची वाटभर उजळणी केली होती.
'वाचलं मी,' ते सूप ढवळत म्हणाले.
'किती उरलं होतं?'
शंभरात एक शतांश, मी म्हटलं.
'पासंगालाही पुरायचं नाही.'

मग, जरा वेळानं: 'जागेवर कोण आलं?'
मी नाव सांगितलं. काय करते तेही सांगू लागले,
दुसऱ्यांचे हिशेब, कुठेतरी थंडगार इमारतीत, रांगाच रांगा…
'हातात धरता येतं?'
नाही.
'मग तोलतात कशावर?'
उत्तर मला ठाऊक होतं. मी मीठ मागितलं.

खरं तर सोमवारपासून तेही तिचे मालक, कणभर.
त्यांची पेन्शन आमच्याच फंडातून येते.
त्यांच्यासाठीच विकली, त्यांच्यासाठीच घेतली,
चेक झालाच तर दोन डॉलरनं वाढेल.
हे मी दोनदा सांगितलं.
दुसऱ्या खेपेला माझा आवाज
माहितीपत्रकासारखा लागला.

निरोप समारंभात मिळालेला दोन पारड्यांचा तराजू
त्यांनी फडताळातून काढला, टेबलावर ठेवला.
रिकामा असूनही डावीकडे झुकत होता.
'दमट हवेत करतो असं,' म्हणाले, त्याची बाजू घेतल्यासारखं.
खणात चाचपून एक बटण काढलं,
कारखान्याच्या डगल्याचं,
ते उजवीकडे टाकलं.
काटा हलला, डुलला,
आम्ही दोघं थांबलो.

मग अक्रोड मोजले. झाड यंदा खूप फळलं होतं.
दोन पौंड तुझे, म्हणाले,
एक काढला, परत ठेवला, पुन्हा काढला.
मी कोट घालून दारात उभी.
त्यांना घाई नव्हती.

सोमवारी साडेनऊला बाजार उघडला.
यादीत पाचशेच होते.
दुपारी टपालाच्या खोलीत कुणी नाही असं पाहून
पिशवी तिथल्या काट्यावर ठेवली:
दोन पौंड. ना कमी, ना जास्त.

काटा कुणी बनवलेला,
ते मी उलटून पाहिलं नाही.